पोट उघडले म्हणजे काय केले?

(गणेशोत्सवात मंडळाच्या मांडवात झालेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकर्ते भाषणाचा विषय विचारायला आले तेव्हा आम्ही 'लॅपरोटॉमी' असे सांगितले. पोरे एकमेकांकडे बघू लागली. त्यातला एक धीर करून म्हणाला, "डॉक्टरसाहेब, मधुमेहावर बोला ना, लोकांना उपयोग होईल." मधुमेहावर आम्ही मागे एकदा याच मांडवात बोललो होतो. भाषण संपल्यावर सगळ्यांनी दोन दोन मोदक जास्त खाल्ले. तेव्हा या खेपेला आम्ही ऐकले नाही.

आणि लंबोदराच्या पुढ्यात पोटावर नाही बोलायचे तर कशावर बोलायचे? बाप्पाची ती गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली आहे. भरपेट मोदक खाऊन स्वारी उंदरावरून निघाली, वाटेत साप आडवा आला, उंदीर बुजला, बाप्पा पडले. काही घरांत गोष्ट इथेच थांबते आणि चंद्र हसतो. आमच्या आजीच्या गोष्टीत मात्र बाप्पाचे पोट फुटत असे. मोदक बाहेर घरंगळत. बाप्पा ते गोळा करून परत आत भरत आणि त्याच सापाने पोट घट्ट बांधून टाकत. पुढे आम्ही सर्जन झालो, आणि ही गोष्ट आठवली की हसू येई. पोट उघडले, आतले नीट आत ठेवले, बाहेरून बांधले. आम्ही जन्मभर याहून वेगळे काय केले?

पण आज बोलायचे आहे ते एका शब्दाबद्दल, आणि त्या शब्दापायी आमच्या हातून झालेल्या चुकीबद्दल.

तीसएक वर्षांपूर्वीची गोष्ट. बेल्याच्या बाजूचे, पैनगंगेकाठचे एक गाव. तिथली सतरा वर्षांची मुलगी रात्री टेम्पोत घालून आणली. तीन आठवडे ताप अंगावर काढलेला. पोट लाकडाच्या फळीसारखे कडक, हात लावू देईना. टायफॉइडचा ताप दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात असा दगा देतो. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात जखमा होतात, त्यातली एखादी आरपार जाते आणि आतड्यातले सगळे पोटाच्या पोकळीत सांडते. एक्स-रेत पडद्याखाली हवा दिसली. त्याच रात्री पोट उघडले. मसुरीच्या डाळीएवढे छिद्र होते. ते शिवले, पोट धुतले, नळी ठेवली, बंद केले. मुलगी वाचली. अठरा दिवसांनी घरी गेली तेव्हा आईने आमच्या टेबलावर ओंजळभर तीळ ठेवले होते.

कार्डावर आम्ही लिहिले 'एक्स्प्लोरेटरी लॅपरोटॉमी', खाली तारीख आणि सही. इंग्रजीत. वळणदार अक्षरात.

दोन वर्षांनी बाप आला. एकटाच. बराच वेळ बाकावर बसून राहिला, सगळे रोगी गेल्यावर आत आला. नदीपलीकडच्या, यवतमाळ जिल्ह्यातल्या गावात सोयरीक जमली होती, ती मोडली. पोरीच्या पोटावर बेंबीच्या वरपासून खालपर्यंत मोठा वण आहे, हे त्या लोकांना कळले. त्यांनी कार्ड मागून घेतले, कोणा शिकलेल्या माणसाला दाखवले. त्याने वाचून सांगितले, पोटाचे ऑपरेशन झालेले आहे.

आता, खेड्यात बाईचे 'पोटाचे ऑपरेशन' म्हणजे काय समजतात हे इथल्या आयाबहिणींना सांगायला नको. नुसते 'ऑपरेशन' म्हटले तरी कुटुंबनियोजनाचेच. "तिचं ऑपरेशन झालं" म्हणजे तिचा पाळणा बंद झाला.

बापाने आम्हाला विचारले, "साहेब, तुमी पोरीचं पोट फाडलं. आता खरं सांगा, तिले लेकरू व्हईन का नाई?"

आम्ही ऑपरेशनचे रजिस्टर काढले. त्यात त्या रात्री आमच्याच हाताने लिहिले होते की गर्भाशय आणि दोन्ही बाजूच्या नळ्या तपासल्या, त्या निरोगी आहेत. हे पाहणे गरजेचे असते, कारण पोटात पू झाला की नळ्यांना धोका पोचू शकतो. आम्ही पाहिले होते, नोंदवले होते, आणि ते रजिस्टर कपाटात ठेवले होते. मुलीच्या हाती दिलेल्या कार्डावर मात्र फक्त एक ग्रीक शब्द होता.

आम्ही मराठीत पत्र लिहून दिले. 'आतड्याला छिद्र पडले होते, ते शिवले. गर्भाशयाला हात लावलेला नाही, ते निरोगी आहे.' तीन ओळी. ती सोयरीक काही परत जमली नाही. मुलीचे लग्न पुढे चार वर्षांनी दुसरीकडे झाले. त्या चार वर्षांचा हिशेब आमच्याकडे आहे.

त्यानंतर आम्ही या शब्दाच्या मागे लागलो.

ग्रीक भाषेत 'लापारा' म्हणजे बरगड्या आणि कंबरेचे हाड यांच्या मधला मऊ भाग. त्याच्या मुळाशी 'लापारोस' हा शब्द आहे, मऊ, सैल अशा अर्थाचा. आपल्याकडे याला नेमका शब्द आहे, कूस. कुशीवर वळणे म्हणतो ती कूस. 'टोमी' म्हणजे कापणे. जो कापता येत नाही तो अॅटम, त्यातला टॉम हाच. तेव्हा लॅपरोटॉमीचा अक्षरशः अर्थ होतो कूस चिरणे. एकोणिसाव्या शतकात हा शब्द चलनात आला तेव्हा तो बाजूच्या छेदालाच धरून होता. पुढे डॉक्टरांनी तो ओढून सगळ्या पोटावर पसरवला आणि बेंबीवरून मधोमध दिलेल्या छेदालाही लॅपरोटॉमीच म्हणू लागले. काही भाषापंडितांनी कुरकूर केली, पोटाच्या पोकळीसाठी 'कोइलिया' हा शब्द आहे तर 'सीलिओटॉमी' म्हणा असे सुचवले. ते बरोबर होते, पण हरले. चुकीचा शब्द एकदा तोंडात बसला की बरोबर शब्दाला कोणी विचारत नाही.

त्याच्या आधी एक जुना शब्द होता, गॅस्ट्रोटॉमी. 'गास्टर' म्हणजे पोट. आज गॅस्ट्रोटॉमी म्हणजे फक्त जठर उघडणे, अन्न जिथे जाऊन पडते ती पिशवी. गिळलेली वस्तू काढायला हे करतात. 1635 साली कोनिग्सबर्ग गावात एका शेतकऱ्याने घशात सुरी घालून उलटी काढायचा प्रयत्न केला आणि सुरी हातातून सुटून आत गेली. डॅनिएल श्वाबे नावाच्या शस्त्रवैद्याने पोट आणि जठर उघडून ती काढली. भूल नाही, जंतुनाशक नाही. माणूस जगला! पण त्या काळापासून पुढे दोनशे वर्षे गॅस्ट्रोटॉमी हा शब्द जठर उघडण्यालाही वापरत, पोट उघडण्यालाही वापरत, आणि पोट चिरून मूल काढण्यालाही वापरत. वाचणाऱ्याने समजून घ्यायचे.

ग्रीकांचा दोष नाही. त्यांच्या भाषेत गरोदर बाईला 'गास्टरमध्ये असलेली' म्हणत. आपण काय म्हणतो? पोटुशी. पोटात मूल, पोटचे पोर, पोटात कळ, पोटात माया, अपराध पोटात घालणे. जठर, आतडी, गर्भाशय आणि काळीज, सगळे एका पोटात. कूस हा शब्दही तसाच, कुशीवर झोपतो आणि कूस उजवतेही. त्या बापाने आणि नदीपलीकडच्या लोकांनी भाषेची चूक केली नव्हती. डॉक्टरी शब्द जिथून आला तिथेही हाच घोटाळा होता.

आणि तेलुगूत? तुमच्या सुना-नातवंडांना विचारा. तिथे 'पोट्टा' आहे, आपल्या पोटाचा सख्खा वाटावा असा, आणि 'कडुपु' आहे. कडुपु म्हणजे पोटही आणि आईची कूसही. त्यात एक शब्द फार अंगावर येतो, 'कडुपुकोता'. शब्दशः पोट कापले जाणे. अर्थ, पोटचे मूल गेल्याचे आईचे दुःख. अलीकडे तेलुगू वर्तमानपत्रे तोच शब्द सिझेरियनसाठी वापरतात, टोमणा म्हणून. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तेलंगणातली 60.7 टक्के बाळंतपणे सिझेरियनने झाल्याची नोंद आहे. देशाचा आकडा 21.5, महाराष्ट्राचा 25.4. सगळ्या राज्यांत आपण पहिले आलो, आणि हा नंबर मिरवण्यासारखा नाही. त्यावर बोलायला वेगळे भाषण लागेल. (सिझेरियनचा ज्युलियस सीझरशी संबंध जोडतात तो मात्र सोडून द्या. त्याची आई तो मोठा होऊन लढाया मारीपर्यंत जिवंत होती, आणि त्या काळी असे मूल काढत ते आई मेल्यावर किंवा मरणाच्या दारात असताना. कापणे या अर्थाच्या लॅटिन धातूवरून तो शब्द आला असे मानतात.)

आपल्याकडे सुश्रुताने शस्त्रकर्मे आठ सांगितली, त्यात छेद्य वेगळे आणि भेद्य वेगळे. छेद्य म्हणजे कापून काढून टाकणे. भेद्य म्हणजे चिरून उघडणे. किती उपयोगी भेद! बापाचा प्रश्न या दोन शब्दांत मावत होता, काढले का नुसते उघडले? आता मराठीत -टॉमीला सरसकट छेदन लावायची रीत पडली आहे, उदरछेदन म्हणतात. आम्हाला विचाराल तर सुश्रुताच्या हिशेबाने ते उदरभेदन हवे. असो. आता ते बदलणार नाही, सीलिओटॉमीसारखेच.

त्याच सुश्रुताने आतडे अडले किंवा फुटले तर काय करावे ते लिहिले आहे. बेंबीच्या खाली, डावीकडे, केसांच्या रेषेपासून चार बोटे सोडून पोट उघडावे, आतडी बाहेर काढून तपासावी, अडथळा काढावा, मध-तूप लावून परत जागेवर ठेवावी आणि बाहेरून शिवावे. आतडे फुटले असेल तर जखमेच्या कडा जुळवून त्यांवर काळे मुंगळे चावायला लावावे, आणि चावले की त्यांची धडे तोडून मुंडकी तशीच राहू द्यावी. आज आपण स्टेपलर मारतो, त्याचीच ही जात. त्या मुलीचे आतडे शिवताना आम्हाला हे ठाऊक नव्हते. कॉलेजात कोणी सांगितले नव्हते.

इतक्या जुन्या काळी लिहिलेले असूनही पोट उघडणे पुढे कित्येक शतके क्वचितच झाले, कारण वेदना आणि पू. 1809 च्या नाताळात अमेरिकेत केंटकी प्रांतात डॉ. मॅक्डॉवेल यांनी जेन क्रॉफर्ड या बाईच्या पोटातून साडेबावीस पौंडांची गाठ काढली. बाई साठ मैल घोड्यावरून आली होती. भुलीशिवाय, स्तोत्रे म्हणत तिने ते सोसले, आणि पुढे तीस वर्षांहून जास्त जगली. 1846 साली ईथरची भूल आली, पाठोपाठ क्लोरोफॉर्म, 1867 साली लिस्टरची जंतुनाशक पद्धत, आणि मगच पोट हे रोजचे काम झाले. क्लोरोफॉर्मच्या धोक्यावरचा जगातला मोठा वाद आपल्या हैदराबादेत लढला गेला. 1888 आणि 1889 साली रेसिडेन्सीचे सर्जन एडवर्ड लॉरी यांनी सहाव्या निजामाच्या पैशाने दोन क्लोरोफॉर्म कमिशने बसवली. त्यांचे म्हणणे, नाडीकडे नको, श्वासाकडे लक्ष ठेवा. ते अर्धेच खरे निघाले, क्लोरोफॉर्मने हृदयही बंद पडते हे पुढे सिद्ध झाले. पण लंडनचे 'लॅन्सेट' आपल्या संस्थानाकडे कान लावून बसले होते, हे आदिलाबादच्या मुलांना माहीत असावे. त्याच निजामी राजवटीत पुढे उस्मानिया विद्यापीठाने वैद्यक उर्दूतून शिकवले. छेदाला तिथे शिगाफ म्हणत. आमच्या लहानपणी म्हातारे कंपाउंडर "गळवाला शिगाफ दिला" असे सहज बोलत. आपल्या भागात डॉक्टरची भाषा लोकांच्या भाषेपासून नेहमीच एक घर लांब राहिली. आधी उर्दू, मग इंग्रजी, आता संमतीपत्र तेलुगूत. 1956 साली राजुरा आणि किनवट मुंबई राज्यात गेले, आपण इकडे राहिलो. नातवंडे तेलुगू फर्डे वाचतात, पण सही मागतात ती बहुधा आजोबांची.

सहीवरून एक खटला सांगतो. 2008 साली सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतल्या एका प्रकरणात निकाल दिला. चव्वेचाळीस वर्षांची अविवाहित बाई तपासणीसाठी दवाखान्यात गेली. लॅपरोस्कोपीच्या फॉर्मवर तिने सही केली. त्यावर लिहिले होते, गरज पडल्यास लॅपरोटॉमी करावी लागेल. भुलीत असताना तिच्या म्हाताऱ्या आईची संमती घेऊन डॉक्टरांनी गर्भाशय आणि अंडाशये काढली. न्यायालय म्हणाले, पोट उघडायला दिलेली संमती ही अवयव काढायला दिलेली संमती नव्हे. शुद्धीवर येणारी, स्वतः निर्णय घेऊ शकणारी सज्ञान बाई असताना, आणि जीव तातडीने धोक्यात नसताना, आईची सही चालत नाही.

हा निकाल वाचला तेव्हा आम्हाला आमचे कार्ड आठवले. लॅपरोटॉमी हा शब्द दाराबद्दल सांगतो. दार उघडले एवढेच. घरात जाऊन काय केले, काय काढले, काय शिवले, कशाला हातही लावला नाही, यातले काही त्या शब्दात नाही. लॅपरोस्कोपीचेही तेच, तिथे दार लहान आणि आत दुर्बीण. आणि खेड्यात 'दुर्बिणीचे ऑपरेशन' म्हणजे पुन्हा कुटुंबनियोजनच, कारण शिबिरांतून तेच होत असे.

वणावरून काही अंदाज बांधता येतो. मधोमध उभा लांब वण असेल तर बहुतेक घाईचे काम, आतडे फुटले, अडकले, मार लागला. मधल्या पांढऱ्या रेषेत स्नायू नसतो, म्हणून रक्त कमी जाते आणि लवकर आत शिरता येते. उजवीकडे खाली तिरपा लहान वण अपेंडिक्सचा, तो छेद मॅक्बर्नी यांनी 1894 साली सांगितला. उजव्या बरगडीखालून गेलेला तिरपा वण कोखर यांचा, बहुधा पित्ताशयाचा. ओटीपोटावर आडवी रेघ असेल तर ती फानेनस्टील यांच्या 1900 सालच्या पद्धतीची, सिझेरियन किंवा गर्भपिशवीचे काम. म्हणजे त्या मुलीचा वण जाणत्या डॉक्टरने नुसता पाहिला असता तरी शंका फिटायला मदत झाली असती. पण सोयरीक जमवताना वण कोण दाखवतो, आणि का दाखवावा? कागदाने बोलायला हवे होते.

हल्ली रिम्ससारखे सरकारी मेडिकल कॉलेज आपल्या गावातच आहे, 2008 पासून. पूर्वीसारखे प्रत्येक पोटदुखीला यवतमाळ, सेवाग्राम, नागपूर गाठावे लागत नाही. तरुण डॉक्टर कष्टाळू आहेत, विचारले तर सांगतात. विचारावे लागते मात्र. 'टॉमी' असेल तर उघडले. 'एक्टॉमी' असेल तर काढले, जसे अपेंडिसेक्टॉमी. 'ऑस्टॉमी' असेल तर तोंड ठेवले, ग्रीकमध्ये स्टोमा म्हणजे तोंड, जसे पोटावर पिशवी लावतात ती कोलोस्टॉमी. आमच्या एका मावसभावाने 'टॉमी' आणि 'स्टॉमी' यात एका अक्षराचा फरक म्हणून दुर्लक्ष केले आणि शुद्धीवर आल्यावर पोटावरची पिशवी बघून दोन दिवस कोणाशी बोलला नाही. ती पिशवी तीन महिन्यांपुरती होती. तेही कोणी त्याला आधी सांगितले नव्हते, आणि तो स्वतः हेडमास्तर होता.

तो बाप आता नाही. मुलगी आहे, तिला दोन मुलगे आहेत, थोरला इथे जिनिंगमध्ये कामाला आहे. आमचे ते मराठी पत्र तिच्या सासूने घडी करून देव्हाऱ्यात ठेवले होते, असे तोच एकदा सांत्वनाला आला तेव्हा म्हणाला.

आता कार्यकर्त्यांनी घड्याळ दाखवले आहे. एक घोषणा करतो आणि बसतो. उद्यापासून विसर्जनापर्यंत रोज सकाळच्या आरतीनंतर आम्ही मांडवात, त्या चपलांच्या कोपऱ्याशेजारच्या टेबलावर, दोन तास बसणार आहोत. घरातली जुनी डिस्चार्ज कार्डे, ऑपरेशनचे कागद, असतील तशी घेऊन या. फाटलेली चालतील, पाण्यात भिजलेली चालतील. कार्डावर जे आहे ते वाचून मागच्या बाजूला मराठीत लिहून देऊ. आमचे अक्षर डॉक्टरचे आहे, म्हणून लिहायला नात सोबत आहे, ती दहावीत आहे आणि तिचे मराठी अक्षर चांगले आहे. ज्या कार्डावर पुरेसे लिहिलेले नसेल त्या दवाखान्याला काय विचारायचे, तेही ती लिहून देईल. येताना चष्मा आणा, आमचा कधीकधी घरी राहतो.